खानेसुमारीतला सोमवार

धारूरच्या पेठेत सभ्य घर म्हणजे ज्या घरातलं भांडण रस्त्यापर्यंत येत नाही ते घर. या हिशेबानं चन्नप्पा शेटे यांचं घर पहिल्या नंबरचं. पुढं कापडाचं दुकान, मागं राहतं घर आणि रस्त्याकडं दार एकच. त्या एका दारावर अप्पांचा फार जीव. "दोन लेकं, दोन सुना, नातवंडं, अन् दार एक!" हे ते गिऱ्हाइकाला खण मोजून देता देता ऐकवायचे. गिऱ्हाईक मान डोलवायचं, कारण मोजायची पट्टी अजून अप्पांच्या हातात असायची.

दाराच्या आत काय आहे, ते मला ठाऊक होतं. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात. अप्पांच्या घरी गॅसच्या होत्या, आणि दोन होत्या. धाकट्या सुनेच्या गॅसचा अर्ज मीच टाइप केला होता. 'आम्ही विभक्त राहतो' हे वाक्य तिनं दबक्या आवाजात सांगितलं आणि मी ते ठळक अक्षरांत टाकलं, कारण ठळक अक्षरं तेव्हा मला नवीनच जमायला लागली होती.

अप्पांची बायको शिवम्मा होती तोवर चूल एक होती. ती गेली आणि महिना उलटायच्या आत दोन स्वयंपाकघरं झाली. अप्पांचे वार लागले. मंगळवार, बुधवार, गुरुवार थोरल्या सोमेश्वरकडं. शुक्रवार, शनिवार, रविवार धाकट्या संगमेश्वरकडं. सोमवारी अप्पांचा कडक उपास. अन्नाला शिवायचं नाही, दुपारी माझ्या अम्मीच्या गाड्यावरची दोन केळी खायची, बस. मठात पोरासोरांना त्या उपासाचं उदाहरण देत असत.

मी वासिफ. बसस्टँडच्या रस्त्याला माझं 'शाईस्ता कॉम्प्युटर्स' आहे. शाईस्ता माझी बायको. दुकानाच्या पाटीवर सुनेचं नाव पाहून अब्बा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. गॅरेजच्या पाटीवर त्यांनी स्वतःचं नाव केवढं तरी मोठं रंगवून घेतलंय, ते मात्र चालतं. दुकानापुढं अम्मीचा, म्हणजे रहिमाबीचा, केळीचा गाडा. ही गोष्ट २००१ सालची. तेव्हा लोक चपला बाहेर काढून माझ्या दुकानात यायचे आणि मशीनकडं लांबूनच बघायचे. मला मशीनमधलं जेवढं कळायचं, त्याहून जास्त कळतं असं दाखवता यायचं, आणि धंद्याला तेवढं पुरतं.

उन्हं तापायला लागली तेव्हा अप्पा एक सीडी रुमालात गुंडाळून घेऊन आले. पुण्याच्या कुणा पाहुण्यानं दिलेली. तिच्यात वंशावळ तयार करायचं सॉफ्टवेअर होतं. माणसं भरायची, नाती जोडायची, बटण दाबायचं, की अख्ख्या कुळाचा रिपोर्ट छापून बाहेर.

"बसव जयंतीला बीडला समाजाचा मेळावा हाय," अप्पा म्हणाले. "आदर्श एकत्र कुटुंब म्हणून एका घराचा सत्कार करणारेत. शाल, फेटा, मानपत्र. कुळाची वही छापून द्यायची. अन् त्यात यंदाच्या खानेसुमारीत जे सांगितलं त्येच पायजे. गेल्या साली एकानं शेजाऱ्याची लेकरं आपली म्हणून दाखवलीती."

"तुमाला कावून पायजे ह्यो सत्कार, अप्पा? शाली तर तुमीच विकता."

अप्पा हसले नाहीत. "शिवम्माला शब्द दिलाय. जाताना म्हणली, घर एक ठेवा. माईकवर कुणीतरी एकदा बोललं की ह्ये घर एक हाय, की मी सुटलो."

मला दोन सिलिंडर आठवले. पण मीही गिऱ्हाइकासारखी मान डोलवली आणि सीडी आत सरकवली.

माहिती अप्पांनीच सांगितली. कुटुंबप्रमुख ते स्वतः, बाकी समदे त्यांच्या चुलीवर. मी एकेक माणूस उघडत गेलो आणि प्रत्येकाच्या नावापुढं तीच खानेसुमारी भरत गेलो. सगळं भरून झाल्यावर अप्पांना बोलावलं आणि बटण दाबलं. प्रिंटर करकरायला लागला तो थांबायचं नावच घेईना. अप्पांनी चष्मा चढवला आणि खड्या आवाजात वाचायला घेतलं, कारण गाड्यापाशी चार माणसं उभी होती.

"सोमेश्वर चन्नप्पा शेटे. सन २००१ च्या खानेसुमारीत धारूर येथे नोंद. घर पक्के, छत स्लॅबचे, संडास आहे, टीव्ही आहे, स्कूटर आहे. सोबत..." पुढं घरच्या सगळ्यांची नावं. अप्पा खूश. "रुद्राणी सोमेश्वर शेटे. सन २००१ च्या खानेसुमारीत धारूर येथे नोंद. घर पक्के, छत स्लॅबचे, संडास आहे..." आवाज जरा उतरला. "संगमेश्वर चन्नप्पा शेटे. घर पक्के, छत स्लॅबचे, संडास..."

"शेटचं बरं हाय," बाहेरून कुणीतरी म्हणालं. "माणूस तितके संडास."

"एकच हाय बे!" अप्पा दारातून ओरडले. "सकाळी लाईन लागती तिथं!" मग माझ्यावर घसरले. "कावून रे, त्येच त्येच पुन्यांदा कावून छापलं? तान्ह्या लेकराच्या नावावर बी स्कूटर! समितीला पंधरा पानांची वही पायजे, अन् तू बाड काढलास. एक गोष्ट एकदाच आली पायजे. नाव बी एकदा, घर बी एकदा. पुन्यांदा काय दिसलं तर मी घेणार न्हाई, सांगून ठेवतो."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण तेव्हा ते त्यांनाही कळलं नाही आणि मलाही नाही.

सॉफ्टवेअरची माहिती सगळी इंग्रजीत. शाईस्तानं डिक्शनरी मांडीवर घेऊन त्यातून वाट काढली. खानेसुमारी दर माणसाच्या नावावर चिकटवायचीच नाही. ती एकदाच भरायची, कुटुंबप्रमुखाच्या नावावर. बाकीच्यांना त्या एका नोंदीला नुसतं जोडायचं, 'सोबत' म्हणून. मग घर, छत, संडास, स्कूटर सगळं प्रमुखाच्या पानावर एकदाच येतं आणि माणसं 'सोबत'च्या ओळीत एकेकदा. ही युक्ती माझीच, असं मी पेठेत सांगत फिरलो. शाईस्ता एवढंच म्हणाली, की पाटीवर नाव तिचं आहे, तेव्हा चालतं.

नवा रिपोर्ट निघाला तो अर्ध्या पानाचा. वर चन्नप्पा, खाली एक घर, एक संडास, आणि 'सोबत' म्हटल्यावर सगळं गोकुळ एका ओळीत. अप्पांनी तो दोनदा वाचला. "हां! ह्येला म्हणतात घर," ते म्हणाले, आणि मला दुकानातून टॉवेल पाठवला.

दुसऱ्या दिवशी सुग्रीव गुरुजी आले. आमच्या गल्लीची खानेसुमारी त्यांनीच केली होती. त्यांना वार्षिक परीक्षेचे पेपर टाइप करून हवे होते. टेबलावर अप्पांचं पान पडलं होतं ते त्यांनी उचललं, वाचलं, आणि हसू आवरत खाली ठेवलं.

"काय झालं, गुरुजी?"

"मी काय लिहिलं ते सांगणार न्हाई. सांगितलं तर नोकरी जाईल." गुरुजींनी खिशातून तंबाखूची डबी काढली. "पण खानेसुमारीत घर म्हणजे दार न्हाई, येवढं समद्या देशाला सांगितलंय. घर म्हणजे चूल. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. पुढचं तू सुनांनाच विचार. अन् नीट विचार. मेळाव्याच्या समितीनं पडताळणीला मलाच बोलावलंय. सही माझी लागती, अन् खोट्यावर मी सही करत न्हाई."

म्हणजे विचारावं लागणारच होतं. अप्पा पुढं दुकानात खण मोजत होते, तेव्हा मी मागच्या अंगणात गेलो. थोरली रुद्राणी भाभी निवडायला बसली होती. खानेसुमारीत कुणाकुणाची नावं दिली, ते तिनं न अडखळता सांगितलं: हे, मी, आमची लेकरं.

"अन् अप्पा?"

"गुरुजी आलते तो सोमवार होता. त्यांनी विचारलं, तुमच्या चुलीवर जेवणारं कोण कोण? आता सोमवारी अप्पा आमच्यात जेवत न्हाईत. सरकारी कामात खोटं कावून बोलू?"

भिंतीपलीकडून धाकट्या शिवानीचा आवाज आला. "आमच्यात बी न्हाई! आमचे शुक्रवार, शनिवार, रविवार. गुरुजी शनवारी आले असते तर मी सांगितलं असतं की."

दोघी खरं बोलत होत्या. देवाशप्पथ सांगतो, इतकं निर्दय खरं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. खोटं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हाताऱ्याला कुणी टाकलं नव्हतं, कुणी उपाशी ठेवलं नव्हतं, कुणी उलट बोललं नव्हतं. त्या दिवशी वार त्याचा नव्हता, एवढंच.

दुकानात येऊन मी माणसं हलवली. अप्पांच्या 'सोबत'मधून सोमेश्वरचा संसार काढून सोमेश्वरच्या पानावर नेला, संगमेश्वरचा त्याच्या पानावर. अप्पांना हलवायला जागा नव्हती. ते होते तिथं राहिले. घर, छत, संडास, टीव्ही, स्कूटर सगळं त्यांच्या नावावरचं, तेही त्यांच्या पानावर राहिलं. बटण दाबलं. तीन पानं निघाली आणि एकही नाव दुसऱ्यांदा आलं नव्हतं. सॉफ्टवेअरचं काम चोख होतं.

अप्पांनी तिसरं पान हातात घेतलं. "चन्नप्पा शेटे. कुटुंबप्रमुख. घर पक्के, मालकीचे, छत स्लॅबचे, संडास आहे, टीव्ही आहे, स्कूटर आहे. सोबत..." ते थांबले. पान उलटून मागं पाहिलं. "सोबतच्या पुढं काय?"

"पुढं काही न्हाई, अप्पा."

"शाई संपली काय रे?"

"शाई हाय."

मग मला सुनांकडं जे ऐकलं ते सांगावंच लागलं. सांगताना मला माझाच राग येत होता, मशीनचा येत होता, गुरुजींच्या त्या डबीचाही येत होता. अप्पांनी बाहेर पेठेकडं बघितलं आणि म्हणाले, "दोघांला बी बोलाव."

दोघे भाऊ आले. दोघांनी पानं वाचली.

"त्यात काय!" सोमेश्वर म्हणाला. "अप्पाला संगूच्या पानावर टाक."

"माझ्या कावून? थोरला तू हाईस."

"मंगळ, बुध, गुरू माझ्याकडं हाय. माझे तीन झाले."

"मग माझे बी तीन हायत."

"तर दोन्ही पानांवर टाक अन् मिटव," सोमेश्वरनं न्याय केला.

"नाव दोनदा येईल," मी म्हणालो. "अप्पांनीच सांगितलंय, एकदाच पायजे."

"आता सोमवारचं आमी काय करावं?" संगमेश्वर बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

बाहेर अम्मी केळीचा घड कापत होती. तिला सगळं ऐकू जात होतं. ऐकू जावं म्हणूनच तिनं गाडा दाराला लावलेला असतो. "दोन घरचा पाव्हणा उपाशी," ती म्हणाली. "वासिफ, सोमवारचं शेट माझ्या गाड्यावर खातात. मग आमच्यातच टाक त्यांना. आमच्या पानावर जागा हाय."

दोघे भाऊ हसले. अप्पा हसले नाहीत.

"उपास मी कावून धरला, ठाऊक हाय का कुणाला?" त्यांचा आवाज अगदी साधा होता. "ती जाऊन महिना झाला न्हवता. तुमी दोघांनी माझे दिवस वाटून घेतले. तीन तुला, तीन त्याला. सातवा कुणाचा, ह्याच्यावर तुमचं लागलं. आवाज चढायला लागला. आता रस्त्यावर जाईल म्हणून मीच म्हणलो, सोमवारी माझा उपास असतो. झालं, मिटलं. तवापासून मी महादेवाचा भक्त. मठात नाव घेतात माझं, अन् मला गळ्यातल्या लिंगाला हात लावायची लाज वाटती."

सोमेश्वरनं मान खाली घातली. मला वाटलं, शरमेनं. पण मान खाली घातली की समोरचं पान वाचता येतं. त्यानं ते वाचलं.

"वासिफ, ह्ये 'घर मालकीचे' अप्पाच्या पानावर कावून?"

"एक गोष्ट एकदाच येती. घर अप्पांच्या नावावर हाय."

"अन् माझ्या पानावर?"

"तुमच्या पानावर माणसं हायत."

"स्कूटर?"

"ती बी अप्पांच्या नावावर."

"म्हणजे बीडच्या मेळाव्यात आमी बिनघराचे? बिनसंडासाचे?" संगमेश्वर पान हिसकावून बघायला लागला. बघता बघता दोघांच्याही पोटात एकाच वेळी माया दाटून आली. "अप्पाला माझ्यात टाक, थोरला मी हाय!" "न्हाई न्हाई, माझ्यात टाक, सोमवार मी घेतो!" "सोमवार काय घेतोस, अख्खा आठवडा माझ्याकडं!" शेट्यांच्या घराचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा रस्त्यावर गेला, आणि ऐकायला पेठ गोळा झाली. नुसत्या बापाला कुठंच जागा नव्हती, स्लॅबसकट बापाला दोन्हीकडं जागा निघाली.

अप्पांनी तिन्ही पानं त्यांच्या हातातून काढून घेतली, नीट जुळवली आणि माझ्यापुढं ठेवली.

"हीच बीडला पाठव."

"अप्पा, मग सत्कार मिळणार न्हाई," मी म्हणालो. "शिवम्मांना शब्द दिलाय म्हणलेते."

"ती म्हणली घर एक ठेवा. मी दार एक ठेवलं." त्यांनी चष्मा काढून खिशात टाकला. "दाराचा सत्कार नको मला."

सुग्रीव गुरुजींनी तिन्ही पानांवर सही केली. तिसऱ्या पानावर करताना मात्र त्यांनी बराच वेळ पेन झटकलं. सत्कार युसूफ वडगावच्या एका घराला झाला. त्यांच्यात चुली किती होत्या, मला ठाऊक नाही. त्यांनी टायपिंग दुसरीकडं केलं होतं.

मेळाव्यानंतरच्या सोमवारी भर दुपारी दोघी सुना ताटं झाकून भर पेठेतून आल्या. एकीच्या ताटात पुरणपोळी, दुसरीच्या ताटात धपाटे आणि दही. दोघींची चाल अशी, की पुढं कोण पोचतं यावरच घराचा निकाल लागणार आहे. अप्पा अम्मीच्या गाड्यापाशी स्टुलावर बसून केळं सोलत होते.

"अप्पा, जेवून घ्या," रुद्राणी म्हणाली.

"आधी माझं ताट बघा, अप्पा," शिवानी म्हणाली.

"सोमवार हाय," अप्पा म्हणाले.

रुद्राणीला राहवलं नाही. "आता कुठला उपास, अप्पा? समद्या गावाला ठाऊक झालंय की."

अप्पांनी केळं खाल्लं आणि साल गाड्याखालच्या टोपलीत टाकली. "आजवर तुमच्यासाठी धरलता. आता ह्यो माझा हाय. येवढा एक वार तरी माझ्या नावावर राहू द्या."

दोघी ताटं घेऊन आल्या रस्त्यानं परत गेल्या. अम्मीनं घडातलं दुसरं केळं तोडून अप्पांच्या हातात दिलं.